पूल पडला तर गुरुजींनी काय करावे?



पुस्तकांच्या दोन सारख्या उंचीच्या चळती एकमेकींपासून २० सेंटिमीटर अंतरावर ठेवा. वहीचा एक सुटा कागद त्यांच्यावर पुलासारखा आडवा टाका आणि त्याच्या मध्यभागी एक रुपयाचे नाणे ठेवा. कागद लगेच वाकेल व नाणे खाली येईल. आता तोच कागद घ्या, कागदी पंखा करताना घालतो तशा त्याला लांबीच्या दिशेने उलटसुलट घड्या घाला आणि पुन्हा ठेवा. या वेळी तो कितीतरी नाणी निमूटपणे तोलून धरील. कागद तोच, वजन तेच, फक्त आकार बदलला!

समजा, चौथीच्या वर्गात गुरुजींनी हेच काम मुलांना दिले. मात्र घड्यांची युक्ती सांगितली नाही. एवढेच सांगितले की, "एक कागद, दोन चळती, जास्तीत जास्त नाणी. करा पूल!" वर्गात चाळीस मुले, चार-चारांचे दहा गट. पाच-दहा मिनिटांत बहुतेकांचे पूल कोसळले. कुणी हसले, कुणी हिरमुसले, कुणी शेजारच्या गटाकडे चोरून पाहू लागले. आता गुरुजींनी काय करावे?

एक मार्ग असा की, फळ्याजवळ उभे राहून सरळ सांगून टाकावे, "अरे, घड्या घाला म्हणजे पूल टिकेल." दुसरा मार्ग, ज्या एकदोन गटांचा पूल उभा राहिला त्यांना टाळ्या द्याव्यात आणि पुढच्या धड्याकडे वळावे. तिसरा मार्ग म्हणजे पडलेल्या पुलापाशी जाऊन खाली बसावे आणि विचारावे, "कागद कुठे वाकला? मध्ये की टोकाशी? आधी वाकला की आधी सरकला? आता एकच गोष्ट बदलायची असेल, तर काय बदलाल?"

पहिल्या दोन मार्गांनी मुलांना उत्तर मिळते किंवा बक्षीस मिळते. तिसऱ्या मार्गाने त्यांना अभियांत्रिकीचा पहिला धडा मिळतो. आणि माझे म्हणणे असे आहे की, हा तिसरा मार्ग शिक्षकाला आपोआप सुचत नाही. तो शिकवावा लागतो, आणि तो शिकवण्याची खरी जागा म्हणजे उद्याचे प्राथमिक शिक्षक जेथे घडतात ती अध्यापक विद्यालये.

माठ, तिवई आणि ओगराळे

'अभियांत्रिकी' हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे धरणे, आगगाड्या आणि संगणक उभे राहतात. मग सहज वाटते, सहा ते दहा वर्षांच्या मुलांना हे कशाला? परंतु अभियांत्रिकी म्हणजे यंत्रे नव्हेत. हाताशी जे आहे, जेवढा वेळ आहे, जेवढा पैसा आहे, तेवढ्यात एखादी गरज चांगल्यात चांगल्या रीतीने भागवण्याचा विचार म्हणजे अभियांत्रिकी.

घरातला पाण्याचा माठ पाहा. विज्ञान विचारते, "माठातले पाणी गार का होते?" उत्तर तुम्हांला ठाऊक आहे. भाजलेल्या मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी झिरपते, त्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता ते उरलेल्या पाण्यातून घेते. १० लिटर पाण्यातून १०० मिलिलिटर पाणी असे उडून गेले, आणि बाहेरून उष्णता आत आलीच नाही असे धरले, तर उरलेल्या पाण्याचे तापमान सुमारे ६ अंश सेल्सिअसने उतरते. गणित करून पाहा.

पण माठाची गोष्ट इथे संपत नाही. माठाचा बुडखा गोल, मग तो कलंडू नये म्हणून काय करावे? जमीन खडबडीत, मग त्याखालचे आसन डुगडुगू नये म्हणून किती पाय असावेत? तीन! कारण कोणतेही तीन बिंदू एका प्रतलात असतातच, चौथ्याची मात्र खात्री नाही. म्हणून तिवई डुगडुगत नाही. पाणी काढताना हात बुडू नये म्हणून लांब दांड्याचे ओगराळे आले. माठ जाड केला तर टिकतो, पण पाणी झिरपायला अडथळा होतो. पातळ केला तर चटकन फुटतो. तेव्हा दोहोंमधली तडजोड शोधावी लागते. ही सगळी अभियांत्रिकी आहे. ती करणाऱ्यांनी महाविद्यालय पाहिले नव्हते, पण गरज, साधने, मर्यादा आणि सुधारणा ही चारही सूत्रे त्यांना पक्की ठाऊक होती.

चौथीतल्या मुलीला माठाच्या निमित्ताने बाष्पीभवन शिकवणे चांगलेच आहे. पण "पहिलीतल्या लहान भावाचा हात माठापर्यंत पोचत नाही, त्याला पाणी न सांडता घेता यावे म्हणून काय करशील?" हा प्रश्न तिला विचारणेही तितकेच मोलाचे आहे. पहिल्या प्रश्नाला एक ठरलेले उत्तर आहे. दुसऱ्याला दहा उत्तरे आहेत, आणि त्यांतले कोणते बरे हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

इतरांनी काय केले, आपण काय केले?

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २००१ साली शालेय अभ्यासक्रमात अभियांत्रिकीला स्थान दिले. पुढे २००३ साली बॉस्टनच्या विज्ञान संग्रहालयाने खास प्राथमिक शाळांसाठी एक उपक्रम सुरू केला. त्यात मुलांसाठी पाच सोप्या पायऱ्या ठरवल्या होत्या : विचारा, कल्पना करा, योजना आखा, तयार करा, सुधारा. शेवटची पायरी विशेष ध्यानात घ्या. वस्तू तयार झाली म्हणजे काम संपले असे नाही. तेथेही वर्गात शिकवणारा शिक्षक सर्व विषय शिकवणारा साधा प्राथमिक शिक्षकच होता, अभियंता नव्हता. म्हणून कार्यशाळांमध्ये शिक्षकांना आधी स्वतः विद्यार्थी होऊन तीच कामे हाताने करावी लागत.

आपल्याकडे ही कल्पना परकी नाही. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. कोठारी आयोगाने (१९६४-६६) 'कार्यानुभव' शाळेत आणण्याची शिफारस केली. मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आजचा नर्मदापुरम) जिल्ह्यात १९७२ साली किशोर भारती व फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी सोळा शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवण्यास आरंभ केला आणि १९७८ मध्ये तो कार्यक्रम जिल्हाभर पसरला. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. तेथून आठवी ते दहावीच्या मुलांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम उभा राहिला. त्यात मुले गावाला खरोखर लागणारी कामे करत करत शिकतात.

या प्रयत्नांतून शिकण्यासारखी एक गोष्ट मला दिसते. होशंगाबादमध्ये शिक्षकांना केवळ पुस्तक दिले गेले नाही. उन्हाळ्याच्या सुटीत त्यांचे आठवडेच्या आठवडे प्रशिक्षण होई, तेथे प्रत्येक प्रयोग ते स्वतः करत, आणि वर्षभर दरमहा भेटून वर्गातल्या अडचणी बोलत. तो कार्यक्रम २००२ साली शासनाने बंद केला, तरी तीस वर्षे तो सरकारी शाळांतल्या साध्या शिक्षकांच्या हातून चालला, हे विसरता येणार नाही. उलट कार्यानुभवाचे काय झाले? कल्पना उत्तम, पण ती राबवणाऱ्या शिक्षकाच्या तयारीकडे फारसे कुणी पाहिले नाही. मग अनेक शाळांत त्या तासाला तयार नमुन्याची नक्कल एवढेच उरले. बाईंनी एक फूल करून दाखवायचे आणि चाळीस मुलांनी तशीच चाळीस फुले करायची. ज्याचे फूल वेगळे झाले त्याचे चुकले!

अभ्यासक्रम कागदावर बदलतो, वर्ग मात्र शिक्षकामुळे बदलतो. तेव्हा आरंभ शिक्षकापासून व्हायला हवा.

भीती कशाची वाटते?

बारावीनंतर दोन वर्षांचा प्राथमिक शिक्षण पदविकेचा अभ्यासक्रम करून आपल्याकडे प्राथमिक शिक्षक होता येते. या अध्यापक विद्यालयांत येणाऱ्या कित्येक मुलामुलींचा विज्ञानाशी संबंध दहावीनंतर सुटलेला असतो. 'अभियांत्रिकी' म्हटले की त्यांना धास्ती वाटते. पण त्यांच्यापैकी अनेकजणी विळीवर भाजी चिरतात, चुलीचा जाळ कमीजास्त करतात. अनेकांनी सायकलचे पंक्चर काढलेले असते, मोटेचा नसला तरी पंपाचा पाइप दुरुस्त केलेला असतो. विळी पायाखाली दाबून धरता येते आणि म्हणून दोन्ही हात मोकळे राहतात, यात केवढा विचार आहे! हे ज्ञान त्यांच्या हातात आहे, पण ते 'ज्ञान' आहे असे त्यांना कुणी सांगितलेले नाही.

खरी भीती दुसरीच आहे. आपल्याला उत्तर येत नसताना वर्गापुढे उभे राहण्याची ती भीती. आपली पाठटाचणे पाहा. एका रकान्यात शिक्षकाचा प्रश्न, शेजारी विद्यार्थ्याचे 'अपेक्षित उत्तर'. अनपेक्षित उत्तरासाठी रकानाच नाही! सराव पाठाच्या वेळी मागे निरीक्षक बसलेले, मुले शांत, उत्तरे ठरल्याप्रमाणे, की पाठ उत्तम. अशा तालमीत तयार झालेल्या शिक्षकाच्या वर्गात कागदाचा पूल पडला, तर त्याला तो आपल्याच पाठाचा पराभव वाटतो. मग तो घाईघाईने उत्तर सांगून मोकळा होतो. यात त्याचा दोष थोडा, त्याच्या तयारीचा दोष अधिक.

काय करता येईल?

मला सुचणाऱ्या गोष्टी साध्या आहेत. त्यांना प्रयोगशाळा लागत नाही.

पहिली गोष्ट, प्रत्येक छात्राध्यापकाने दोन वर्षांत निदान सहा वस्तू स्वतः, मोजक्या साहित्यात, करून पाहाव्यात. कागदाचा पूल, हाताने स्पर्श न करता पायाने वाकवता येणारे हात धुण्याचे भांडे, वर्गातल्या छपराच्या गळतीवर उपाय, बुटक्या मुलासाठी पाण्याची सोय, अशा खऱ्या गरजा निवडाव्यात. नमुना कुणी दाखवू नये.

दुसरी गोष्ट गुणांची. गुण चकचकीत वस्तूला देऊ नयेत, नोंदवहीला द्यावेत. पहिला प्रयत्न कसा होता, तो कुठे फसला, का फसला असे वाटले, कोणती एक गोष्ट बदलली आणि त्याने काय फरक पडला? ज्याच्या नोंदवहीत एकही फसलेला प्रयत्न नाही त्याला परीक्षकांनी अवश्य विचारावे, "बाबा रे, तू नक्की काय केलेस?"

तिसरी गोष्ट, 'का?' चे ज्ञान. केवळ खटपट पुरेशी नाही. एक पट्टी घ्या, ३० मिलिमीटर रुंद आणि २ मिलिमीटर जाड. आडवी धरून वाकवा, सहज वाकते. आता तिची कड वर करून वाकवून पाहा, हलत नाही. वाकण्याला होणारा विरोध रुंदीच्या सरळ प्रमाणात, पण उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. आडव्या पट्टीसाठी ३० × २ × २ × २ म्हणजे २४०. उभ्या पट्टीसाठी २ × ३० × ३० × ३० म्हणजे ५४,०००. भागाकार केला तर २२५ पट! घड्या घातलेल्या कागदाचे बळ यातच आहे. घडीमुळे कागदाला उंची मिळाली. छपराचा नालीदार पत्रा आणि खोक्याचा नागमोडी पुठ्ठा यांचेही रहस्य हेच. चौथीच्या मुलांना हा गुणाकार सांगायचा नाही. पण शिक्षकाला तो ठाऊक असला, तर पडलेल्या पुलापाशी कोणता प्रश्न विचारावा हे त्याला बरोबर समजते.

चौथी गोष्ट, गावातल्या कारागिरांकडे शिकायला जावे. लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना लोहार ती चाकाच्या घेराहून किंचित आखूड ठेवतो, तापवतो, चढवतो आणि वर पाणी ओततो. लोखंडाची लांबी दर अंशाला सुमारे १२ दशलक्षांश भागाने वाढते. म्हणजे ४ मीटर घेराची धाव ५०० अंशांनी तापली, तर सुमारे २४ मिलिमीटरने वाढते. निवल्यावर ती आवळते आणि आरे, पाट्या सगळे घट्ट बसते. बैलगाड्यांची लाकडी चाके आज कमी झाली, तरी असे काम पाहिलेले वृद्ध कारागीर अजून भेटतात. सुतार, कुंभार, शिवणकाम करणाऱ्या ताई, सायकल दुरुस्त करणारे काका यांना विचारावे, "हे असेच का करता? आधी वेगळे करून पाहिले होते का?" ही उत्तरे छात्राध्यापकाने लिहून ठेवावीत. पुढे वर्गात त्याच कारागिरांची मुले बसलेली असतील. आपल्या वडिलांच्या कामात शास्त्र आहे हे गुरुजींच्या तोंडून ऐकणे त्या मुलांसाठी लहान गोष्ट नाही.

पाचवी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे सराव पाठांत निदान एक पाठ असा असावा की, ज्याचे उत्तर आधी ठरलेले नाही. निरीक्षकांनी त्या पाठात मुले किती शांत होती हे पाहू नये. वस्तू मोडल्यावर शिक्षकाने पहिले वाक्य कोणते उच्चारले, एवढेच टिपून घ्यावे.

आक्षेप आणि उत्तरे

कुणी म्हणतील, "मुलांना धड वाचता येत नाही, बेरीज-वजाबाकी येत नाही, आणि तुम्ही पूल बांधायला सांगता?" हा आक्षेप गंभीर आहे. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन आणि अंकगणित यावे म्हणून २०२१ साली 'निपुण भारत' हे अभियान सुरू झाले, ते उगाच नव्हे. पण मी नवा विषय मागत नाही. पुलासाठी २० सेंटिमीटर मोजावे लागतात, नाणी मोजावी लागतात, "पहिल्या पुलावर ३, दुसऱ्यावर ११, म्हणजे ८ जास्त" ही वजाबाकी करावी लागते, आणि काय घडले ते चार ओळींत लिहावे लागते. ज्या वजाबाकीचे उत्तर मुलाला स्वतःला हवे असते, ती वजाबाकी लवकर येते.

"वर्गात गोंधळ होईल." होईल. चाळीस मुले कागद आणि दोरा घेऊन बसली की आवाज होणारच. कामाचा आवाज आणि दंग्याचा आवाज यांतला फरक ओळखणे हाही प्रशिक्षणाचाच भाग आहे. "कात्री लागेल, सुरी लागेल." लहानांना कात्री कशी धरावी, धार कुणाकडे असावी, हे शिकवणारा शिक्षक हवा. घरी तर ती मुले या वस्तू हाताळतातच. आणि एक गोष्ट शिक्षकांनी डोळ्यांत तेल घालून पाहावी. गटात हातोडी मुलाकडे आणि नोंदवही मुलीकडे, अशी वाटणी नकळत होत असते. ती दर खेपेस बदलली पाहिजे.

"वेळ कुठे आहे?" महिन्यातून दोन दुपारी पुरेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी स्थानिक कारागिरांबरोबर दहा दिवस दप्तराविना शिकण्याची सूचना आहे. त्याची पूर्वतयारी पहिली ते पाचवीतच व्हायला हवी. याच धोरणाने २०३० पर्यंत शिक्षकाची किमान पात्रता म्हणून चार वर्षांची एकात्मिक बी.एड. पदवी ठरवली आहे. म्हणजे शिक्षक-शिक्षणाचे अभ्यासक्रम नव्याने लिहिण्याचा काळ हाच आहे. आता जर हाताने करण्याच्या आणि सुधारण्याच्या कामाला जागा मिळाली नाही, तर पुन्हा एक पिढी तयार नमुन्याची नक्कल करत मोठी होईल.

आणि यातून नुकसान कोणाचे होईल? सात-आठ वर्षांचे मूल "माझे चुकले" म्हणून एकदा हात मागे घ्यायला शिकले, की पुढे अभियांत्रिकी महाविद्यालयात जाऊनही ते हात पुढे करायला कचरते. जे कधीच महाविद्यालयात जाणार नाही, त्याचे नुकसान तर याहून मोठे. घरातला बिघडलेला नळ, शेतातला फुटलेला बांध, गावातली तुंबलेली गटारे यांकडे पाहून "आपल्याला काय कळणार?" असे म्हणणारा नागरिक तयार होतो.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काहीजण उद्या शिक्षक होणार आहेत. त्यासाठी अध्यापक विद्यालयात जाईपर्यंत थांबू नका. आजच एक वही घाला. घरात, शाळेत जी वस्तू मोडते, अडते, गळते, तिची त्यात नोंद करा : काय बिघडले, का बिघडले असावे, मी काय करून पाहिले, आणि पुढच्या वेळी काय बदलीन. शक्य झाले तर धाकट्या भावंडांना सोबत घ्या. पण त्यांच्या हातातली वस्तू काढून घेऊन स्वतः नीट करून देऊ नका. फक्त प्रश्न विचारा आणि थांबा. हे थांबणे फार कठीण असते, आणि चांगल्या शिक्षकाची पहिली परीक्षा तीच असते.